शालूबाईचा रस्सा आणि शून्य मार्क

गेटला आतून कुलूप होतं आणि बाहेर आम्ही दोघंच.

‘आम्ही’ म्हणायला तेव्हा काही कारण नव्हतं. मी माझ्या छत्रीखाली, तो त्याच्या छत्रीखाली, मध्ये चांगलं हातभर अंतर. आतल्या पायऱ्यांवर आमच्या कॉलेजची पोरं ठाण मांडून बसली होती. बी. ए. भाग एकचा निकाल लागला होता आणि अर्थशास्त्राच्या पेपरात माझा निम्म्याहून जास्त वर्ग आडवा झाला होता. पोरं घसा फोडून ओरडत होती, "निकाल बदला! संघर्ष करू! संघर्ष!"

"मला बोलावतायत," शेजारच्या छत्रीतून आवाज आला.

"काय?"

"माझं नाव संघर्ष. मघापासून हाका मारतायत, पण गेट काही कुणी उघडत नाही."

मला हसू आलं. मी ते दाबलं. ज्या बाईच्या विषयात पोरं नापास झालीत, तिनं गेटवर उभं राहून अनोळखी माणसाबरोबर खिदळणं बरं दिसत नाही.

वॉचमन जोतीराममामा गजांतून डोकावले. "पावणं, किल्ली पोरांनी काढून घेतलीया. मी तरी काय करू? मॅडम, तुमी मागनं कँटीनच्या भितीवरनं या की. काल समदे सर तसंच आलते!"

तर अशी आमची ओळख झाली, कँटीनच्या ओल्या भिंतीवर. तो आधी उतरला, दोन्ही छत्र्या काखेत मारल्या आणि हात पुढे केला. मी म्हटलं, "मला जमतं." आणि शेवाळावरून पाय सटकला. हात धरावाच लागला.

"जमलं," तो म्हणाला. एवढंच. पण त्यानं हात सोडायला जरा उशीर केला... की मीच केला?

मी, निशा. गारगोटीची. कोल्हापुरात या कॉलेजात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. म्हणजे नोकरी एका वर्षाची, आणि दर पावसाळ्यात पुढच्या वर्षासाठी प्राचार्यांच्या सहीची वाट बघत बसायचं. यंदा विजयसिंह सरांनी सही अडवून ठेवली होती. "आधी तुमच्या निकालाचं काय ते बघू," ते म्हणाले होते, "मग सहीचं." त्यामुळे पोरं पायऱ्यांवर बसली होती खरी, पण टांगणीला लागले होते मी.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरले तर तोच तिथं खुर्चीवर! विद्यापीठानं तक्रारींसाठी नेमलेल्या समितीचे विषयतज्ज्ञ. मलकापूरच्या कॉलेजचे प्राध्यापक. माझा चेहरा बघून त्यानं पटकन कागदांत डोकं घातलं.

टेबलावर मुलांच्या उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स पसरल्या होत्या. प्रश्न तिसरा, जवळपास सगळ्यांना शून्य. शेजारी लाल शाईत शेरा... ‘सर्वांचे उत्तर शब्दशः एकच. सामूहिक कॉपी.’

"कॉपी!" प्राचार्य गरजले. "आपल्या कॉलेजात! बघा, काय लिहिलंय ते तरी बघा."

मी वाचलं. ‘किंमत वाढली तरी मागणी फारशी घटत नाही, तिला अलवचिक मागणी म्हणतात. उदाहरणार्थ शालूबाई. शालूबाईनं रस्सा महाग केला तरी कोल्हापूरकर रस्सा सोडत नाही, एक भाकरी कमी खातो. हसू नका, खरं सांगतेय.’

दुसरी उत्तरपत्रिका घेतली. शालूबाई. हसू नका, खरं सांगतेय. तिसरी घेतली. हसू नका...

माझे कान तापले. परीक्षेच्या तोंडावर अभ्यासक्रम उरला होता आणि शेवटच्या आठवड्यात मी उत्तरं सरळ सांगून उतरवून घ्यायला लावली होती. आमच्या पोरांची एक खोड आहे. मॅडमच्या तोंडून पडेल ते वहीत उतरतं, आणि वहीत उतरलं की पाठ होतं. शालूबाईचं नाव ऐकून मागचा बाक फिदीफिदी हसला, म्हणून मी दटावलं होतं. ते दटावणंसुद्धा पोरांनी लिहून घेतलं, घोकलं आणि इमानेइतबारे पेपरात उतरवलं!

"सर, ही कॉपी नाही," मी म्हटलं. आवाज जरा जास्तच चढला. "ही... ही मी आहे!"

त्यानं मान वर केली. गेटवर, भिंतीवर बघितलं होतं तसं नाही. माझा आवाज आधी कुठेतरी ऐकला असावा आणि आता माणूस सापडावा, असं बघितलं.

"म्हणजे शालूबाई खरंच आहेत?"

"माझी मावशी. गंगावेशीत खानावळ आहे तिची."

"आणि लोक खरंच भाकरी कमी..."

"सर, इथं मुलं नापास झालीयत!" मी उखडले. "कुठला ठोंब्या परीक्षक होता हा? एवढं वाचून त्याला कळू नये की पोरांनी पाठ केलंय? उचललं लाल पेन, दिलं शून्य! असल्या माणसाला जन्मात कुणी प्रेमानं जेवू घातलं नसणार!"

त्याच्या हातातलं पेन खाली पडलं. परीक्षकांची नावं कुणाला कळत नाहीत, तो नियमच आहे. त्यामुळे मी निर्धास्तपणे आणखी चार शब्द सुनावले. तो ऐकत राहिला.

मग हळू आवाजात म्हणाला, "पाठ केलंय की समजलंय, एवढंच ठरवायचं ना? उद्यापासून प्रत्येकाला तोंडी विचारू. अट एकच. रस्सा सोडून दुसरं उदाहरण."

पोरांनी ते मान्य केलं आणि गेट उघडलं.

त्या संध्याकाळी पंचगंगेनं पात्र सोडलं. केर्लीजवळ रत्नागिरीचा रस्ता पाण्याखाली गेला आणि मलकापूरला जायची वाट बंद झाली. संघर्ष सर आमच्या हॉस्टेलच्या पाहुण्यांच्या खोलीत अडकले. त्या दिवसांत कोल्हापुरात कुणालाच एका जागी बसवत नव्हतं. लोक ऊठसूट नदी बघायला जात, पाणी किती चढलं ते एकमेकांना सांगत, घरी येऊन चहा घेत आणि परत जात. मी ऊठसूट वर्गाच्या खिडकीशी जात होते. नदी तिथून दिसत नाही. अंगणातून हॉस्टेलकडून येणारा माणूस मात्र दिसतो.

सहीचं काय होणार ही काळजी होतीच. पण खरं सांगायचं तर, मला तो आवडला होता. नको त्या वेळी, नको त्या कामावर आलेला, चहात बिस्कीट बुडवून ते पडेपर्यंत विचार करत बसणारा माणूस. रात्रभर कूस बदलत मी स्वतःलाच दटावत होते आणि उपयोग शून्य.

तोंडी परीक्षेत पहिला आर्यन आला. पायऱ्यांवर सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा.

"मीठ," तो म्हणाला.

"मीठ पुस्तकात आहे," संघर्ष सर म्हणाले. "तुझ्या घरातलं सांग."

आर्यननं डोकं खाजवलं. "मग... नेट, सर. बा म्हणला रिचार्ज महागलाय, बंद कर. मी म्हटलं चहा सोडतो, पर नेट न्हाय सोडणार!"

"चहा सुटला?"

"सुटला की! बघा, आता कँटीनला बी जात न्हाय."

मग संघप्रिया आली. बोलताना ओढणीचं टोक पिळत होती. "आमच्या आजीची मिसरी, सर. कितीबी महागू दे, तिला लागतीयाच. महागली म्हणून सांगितलं तर आणणाऱ्यालाच शिव्या."

"आणि महागल्यावर लगेच सुटेल असं काही?"

"थेटरातला पिक्चर. घरी मोबाईलवर बघतो की."

तो माझ्याकडे झुकला. "पोरं पक्की आहेत हो तुमची."

"मग सांगा जाऊन त्या तुमच्या परीक्षकाला."

त्याचं हसू मावळलं. मला वाटलं, विद्यापीठाची बाजू घेतोय. मी चहा मागवला.

"तुम्ही वर्गात असंच दटावता?" कपावर बोट फिरवत त्यानं विचारलं. "हसू नका... असं?"

"जे हसतात त्यांनाच."

"मी हसलो तर?"

"तुम्ही माझ्या वर्गात नाही."

"तेच तर वाईट झालं..." तो म्हणाला आणि पुढच्या मुलाला हाक मारली. पुढच्या मुलानं काय उदाहरण दिलं, ते मला आजतागायत आठवत नाही.

सगळ्यांची तोंडी झाली, त्या संध्याकाळी तो म्हणाला, "एकदा शालूबाईंना भेटायचंय."

मावशीनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "पावणं कुठलं?"

"मलकापूरचे," मी म्हटलं. "पुरात अडकलेत."

"अडकंना का! बसा. तांबडा का पांढरा?"

"दोन्ही," तो म्हणाला. मावशी तिथंच खूश झाली. ताट आलं, दोन वाट्या आल्या, वर मावशीचं "लाजायचं न्हाय" आलं. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. तो तसाच हातात राहिला.

"तिखट आहे का फार?" मी विचारलं.

"निशा मॅडम, तो परीक्षक... मी होतो."

बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता. मी ऐकलं, पण माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला.

"ते शून्य मी दिलं. तो शेरा माझा आहे. समितीवर आलो तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तुम्ही उभ्या राहिलात, म्हणालात ‘ही मी आहे’... आणि माझी जीभच उचलेना."

"आणि मी तुमच्यासमोर बसून तुम्हालाच..."

"ठोंब्या म्हणालात. बरोबर म्हणालात."

मला रागानं रडू येत होतं. पोरं पावसात पायऱ्यांवर बसली, माझी सही अडकली, मी रात्री जागून काढल्या, आणि हा माणूस माझ्या शेजारी बसून चहात बिस्कीट बुडवत होता! मी त्याच्यासमोरच्या रश्श्याच्या दोन्ही वाट्या उचलल्या आणि आत चालू लागले. कोल्हापुरात याहून मोठा अपमान नाही.

मावशीनं मला वाटेतच अडवलं. वाट्या हातातून काढून घेतल्या आणि परत त्याच्या ताटात नेऊन ठेवल्या. "जे काय भांडायचं ते जेवल्यावर. माझ्या दारातनं उपाशी कुणी जायाचं न्हाय."

तो खाली मान घालून जेवला. डोळ्यांतून पाणी येत होतं. तिखटानं असेल. जाताना त्यानं मावशीला वाकून नमस्कार केला, माझ्याकडे बघितलं नाही.

सकाळी समिती बसली. मुलांनी दिलेली उदाहरणं त्यानं एकेक करून वाचून दाखवली. मग उभा राहिला.

"हा शेरा मागे घ्यायला हवा. ही कॉपी नव्हती आणि मुलांना विषय समजलेला आहे. शेरा मी लिहिला होता. परीक्षक असताना समितीवर बसलो, हीसुद्धा माझीच चूक. तसं मी विद्यापीठाला लेखी कळवलंय."

विजयसिंह सरांनी चष्मा काढला. "अहो, परीक्षकांच्या यादीतून कायमचं नाव जाईल तुमचं."

"जाऊ दे सर. मुलांचं वर्ष जायला नको."

माझा राग कुठे ठेवावा तेच मला कळेना. रात्रभर जपून आणलेला राग, आणि आता त्याला जागाच नव्हती.

मार्क वाढवून मिळायचं ठरलं. पोरांनी अंगणात जोतीराममामांनाच खांद्यावर घेतलं आणि मामा "आरं सोडा की, कंबर मोडंल" म्हणून ओरडत राहिले. प्राचार्यांनी माझा नेमणुकीचा कागद पुढं ओढला, सही केली आणि बोट रोखून म्हणाले, "उत्तरं सांगून लिहायला लावायची नाहीत. समजावून सांगायचं. पोर्शन राहिला तर राहू दे."

"हो सर," मी म्हटलं. वर्ष मिळालं होतं. आनंदानं उडी मारायला हवी होती. आणि मी खिडकीतून हॉस्टेलकडे बघत होते.

"पाणी उतरलं," जोतीराममामा दारातून म्हणाले. "मलकापूरची गाडी सोडत्यात म्हणं. पावणं गेलं स्टँडवर."

मी आधी खानावळीत गेले. मावशीनं मला बघितलं, पितळी डब्यात रस्सा भरला, झाकण घट्ट लावलं आणि वर फडकं बांधलं. "जा, पळ," एवढंच म्हणाली.

स्टँडवर चिखल आणि गर्दी. खोळंबलेली सगळी माणसं एकाच वेळी घरी निघाली होती. मलकापूरच्या गाडीचं इंजिन सुरू होतं. तो खिडकीशी बसला होता. मी खालून डबा वर केला.

"मावशीनं पाठवलाय."

"मावशींनीच?"

"डबा मावशीचा," मी म्हटलं. "आणलाय मी."

त्यानं डबा घेतला. दोन्ही हातांनी धरून ठेवला. कंडक्टर दारातून माणसं आत ढकलत होता.

"एक राहिलंय सांगायचं," तो घाईघाईनं म्हणाला. "मे महिन्यात तुमच्या मुलांचे पेपर तपासत होतो. पहिल्या पेपरात कुणीतरी मला म्हणालं, हसू नका. मी हसलो. दुसऱ्यात परत तेच... नियमानं शून्य देत गेलो, पण पुढं पुढं मी पेपर उघडायचो ते त्या एका वाक्यासाठी. एवढ्या हक्कानं दटावणारी ही बाई कोण असेल? पेपर संपले आणि चैन पडेना. म्हणून समितीसाठी विचारलं, तेव्हा पुढचा-मागचा विचार न करता हो म्हणालो. निशा, मला तुम्ही भेटायच्या आधीपासून आवडता..."

तो थांबला. खिडकीच्या गजावर बोटं घट्ट झाली होती.

"हसू नका. खरं सांगतोय."

आणि मी हसले. एवढ्या दिवसांचं दाबून ठेवलेलं, गेटवरचं, भिंतीवरचं, सगळं एकदम आलं. शेजारच्या सीटवरची म्हातारी चमकून बघायला लागली. त्याचा चेहरा पडला, तो मात्र मला बघवेना.

घंटी वाजली. गाडी हलली. मी दांडा धरून वर चढले.

"ओ मॅडम," कंडक्टर वैतागला, "सोडायला आलाय न्हवं? उतरा की खाली!"

"तिकीट द्या."

"कुठलं?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो डबा छातीशी धरून उठून उभा राहिला होता आणि मला जागा करून देत होता.

"पन्हाळ्याच्या फाट्याचं," मी म्हटलं. "तिथनं परत येते. डबा रिकामा करून न्यायचाय, मावशी सोडत नसते."

"आणि डबा फाट्यापर्यंत रिकामा झाला नाही तर?" त्यानं विचारलं.

मी त्याच्या शेजारी टेकले. गाडी शिवाजी पुलावर आली, खाली नदी अजून गढूळ आणि काठोकाठ होती, सगळी गाडी खिडक्यांतून वाकून पाणी बघत होती. आम्ही दोघंच तेवढी बघत नव्हतो.

"मग मलकापूर," मी म्हटलं.