सहा हजार फुटांवरचं मीठ

साल १९५४. कल्याण स्टेशनाबाहेर नेवाळीला जाणारा एकच टांगा उरला होता, आणि त्यात एक उंचापुरा तरुण आधीच ऐसपैस बसून खारे दाणे खात होता.

"घ्या ना," त्याने पुडी पुढे केली.

"अनोळखी माणसांकडून मी काही घेत नाही."

"मी श्रीपाद. झाली ओळख."

आगाऊपणा नुसता! मी तोंड फिरवलं... हसू लपवायला.

नेवाळीच्या धावपट्टीवर कळलं, आमच्या पावसाच्या संशोधनासाठी विमानातून वर जाऊन व्हॅसलीन लावलेल्या काचा वाऱ्यात धरणारे ते हेच. काचेला चिकटलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं काम माझं. त्या आठवड्यात सहा हजार फुटांवरच्या काचेवर मला मिठाचे चौकोनी कण दिसले. समुद्राचं मीठ, इतक्या उंचावर! अशाच कणांभोवती पावसाचे थेंब धरतात, असा माझा तर्क होता.

आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांनी तो एका वाक्यात निकालात काढला. "हे यांच्या खाऱ्या दाण्यांचं मीठ. श्रीपाद, उद्यापासून येऊ नका."

श्रीपादचा चेहरा उतरला. तो मला बघवेना, आणि का बघवत नाही, तेही मला त्याच क्षणी कळलं.

"साहेब, उद्या मी वर जाते," मी म्हटलं.

"मंदाकिनीबाई, तुम्ही?"

"हो. पण काचा श्रीपादच हाताळतील. एक वाऱ्यात धरतील, दुसरी डबीतून काढून, वाऱ्यात न धरता तशीच परत ठेवतील. मीठ हाताचं असेल तर दोन्हींवर दिसेल."

दुसऱ्या दिवशी विमान उडालं आणि मी बसल्या जागेची कड घट्ट धरली. खाली उल्हास नदी, लांबवर खाडी चमकत होती.

"भीती वाटतेय?" श्रीपादने विचारलं.

"वाटतेय. तुम्हाला?"

"वर नाही वाटत... खाली उतरल्यावरची वाटतेय."

उतरल्यावर साहेबांनी स्वतः डोळा लावला. डबीतली काच कोरी होती. वाऱ्यातलीवर मीठच मीठ. त्यांनी दोन्ही काचा पुन्हा आलटून पालटून पाहिल्या.

"उद्या आठ हजारांवर जा," ते म्हणाले. "दोघंही."

बाहेर आल्यावर श्रीपाद घुटमळला. "आज ठाण्याला तुमच्या घरी येऊ का? वडिलांना विचारायचंय."

"विमानाचं?"

"विमानाचंही—"

"मग आधी मला विचारा."

त्याने विचारलं. शेजारीच विमानाचा पंखा घरघरत होता, त्यात माझं उत्तर त्याला ऐकू गेलं नाही. म्हणून मी दुसऱ्यांदा 'हो' म्हटलं, साहेबांच्या खोलीपर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने.