सोबत काढायच्या वस्तू

दिनांक ११ जून २०२४, मंगळवार, सकाळचे साडेअकरा. स्थळ पालम, बसस्थानकासमोरील धम्मदीपचे ऑनलाइन अर्ज भरण्याचे दुकान. प्रवेशाचे दिवस असल्याने संगणकाला श्वास घ्यायला उसंत नव्हती. चहावाले सटवाजी नेहमीप्रमाणे दोन पेले ठेवून गेले होते. धम्मदीपची बायको धम्मशीला प्रिंटरपाशी बसून गरम कागद उचलत होती.

आदल्या दिवशी धम्मदीपने जुन्या मराठी फाइली उघडण्यासाठी एक फुकटचे सॉफ्टवेअर उतरवून घेतले होते. न वाचता ‘पुढे, पुढे’ दाबत जाणे ही त्याच्या बोटांना जडलेली खोडच होती. त्या घाईत ‘सोबती’ नावाचा आगंतुक प्रोग्राम आत शिरला आणि संगणक रखडू लागला. आज त्याने तो काढायला घेतला.

पहिल्या पानावर काढून टाकण्याचे कारण विचारले होते. त्याने ‘गरज नाही’ निवडले. दुसऱ्या पानावर ‘सोबत काढायच्या वस्तू’ होत्या. प्रत्येकीपुढे आधीच खूण केलेली, शेजारी एकेक तारीख. लाकडी बाकडे. भिंतीवरचे घड्याळ. धम्मशीला.

“अगं, तुझंबी नाव हाय की यात!”

“मंग टाका काढून. सुटले एकदाची तुमच्या तावडीतून!”

ती हसली. तो हसला नाही. तिच्या नावाशेजारी १४ मे २०१७ होती, त्यांच्या लग्नाची तारीख. ती त्याने या संगणकात कधीच भरलेली नव्हती. संगणकच मुळी त्यानंतर दोन वर्षांनी आला होता.

त्याने तिन्ही खुणा एकेक करून पुसल्या. तरी मन धजेना. कारणाचे पान पुन्हा तपासावे म्हणून त्याने ‘मागे’ दाबले. कारण ठीक होते. ‘पुढे’. ‘पुढे’. ‘समाप्त’.

बोट उचलले आणि त्याला आठवले: मागे गेले, की पुसलेल्या खुणा परत उमटतात. हे त्यानेच हजारदा गिऱ्हाइकांना बजावले होते.

टिकटिक थांबली होती. भिंत कोरी होती. खिळ्याचे भोकसुद्धा नव्हते.

बाकड्याच्या जागी ऊन पडले होते.

प्रिंटर चालूच होता. कागद एकामागून एक फरशीवर घसरत होते.

सटवाजी पेले न्यायला आले. टेबलावर पेला एकच होता.

“काका, धम्मशीला कुठं गेली?”

सटवाजींनी त्याच्याकडे निरखून पाहिले.

“कोण? अरे, दुकान टाकलंस तवापासून तू एकटाच हायस इथं.”