कडे कुठून वाचायचे?

ही गोष्ट २०४७ सालची. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. उजनीच्या पाणफुगवट्याकाठी आमचे घर होते आणि माझे वडील, अण्णा, मासेमारी करायचे. आदल्या हिवाळ्यात त्यांच्या जाळ्यात एक रोहित पक्षी अडकला. त्याचा पाय चांगलाच कापला होता. तो उभा राहीपर्यंत मी त्याच्यापाशी बसून असायचे. मग पक्षीमित्रांनी त्याच्या पायात कडे घालून त्याला सोडले. कड्यावर गोलाकार पाच रंग होते : लाल, पिवळा, हिरवा, निळा, काळा. नोंदीत रंगांची आद्याक्षरे लिहायची : ‘लपहनक’.

तो जगला का, एवढेच मला कळायला हवे होते.

“तसल्या पायानं पाखरू लांब जात नाही,” अण्णा म्हणायचे. “नाद सोड.”

त्यांची धाकटी बहीण, अश्विनीआत्या, ‘कोठार’ या डेटाबेसवर (माहिती रचून ठेवून हवी ती शोधून देणारी प्रणाली) काम करायची. कोठार मुक्तस्रोत होते; म्हणजे त्याची घडण कोणीही वाचावी, सुधारणा सुचवावी. देशभरच्या पक्षीनोंदी त्यातच असत. आत्याने ‘लपहनक’ शोधले. एकही नोंद नाही.

“आत्या, कडं पायात फिरतं ना? कुणी हिरव्यापासून वाचलं असेल तर?”

“असेलच की!” आत्या म्हणाली. आपल्याला कडे तेच दिसते, पण संगणकाला ‘हनकलप’ ही वेगळीच अक्षरमाला (एकापुढे एक मांडलेली अक्षरे) वाटते. तिने कागदावर आमचा शब्द दोनदा जोडून लिहिला : लपहनकलपहनक. यात ‘हनकलप’ शोध म्हणाली. मधोमध सापडला. सुरुवात कुठूनही करा, तो त्यात असणारच.

मी म्हटले, मग लगेच आपल्यापुरते शोधू.

“आपल्यापुरतं कशाला? फंक्शन (ठरलेले एक काम करून उत्तर देणारा सूचनांचा संच) लिहून कोठारातच घालू. आणखी कुणाचं पाखरू हरवलं असेल.”

फंक्शन चालवले आणि तीन नोंदी आल्या. मी घरभर नाचले. आत्याच्या कामाची तपासणी करणारा यंत्रमानव बारक्या मात्र शांतपणे म्हणाला, “तुमचा पक्षी एकाच सकाळी गुजरात, ओडिशा आणि तमिळनाडूत होता. विमानानं गेला असेल.”

आत्याने कपाळावर हात मारला. अर्धवट दिसलेल्या कड्याचे ‘नक’सुद्धा त्या लांब ओळीत सापडतेच! दोन्ही अक्षरमालांची लांबी सारखी आहे का, हे आधी तपासायला हवे होते. तिने ती अट घातली. तिन्ही नोंदी गळाल्या तर? मी डोळे मिटून घेतले.

एक उरली. कच्छचे मिठागर, ‘हनकलप’. शेरा : थोडा लंगडतो, कळपाबरोबर उडाला.

मी धावत काठावर जाऊन अण्णांना सांगितले. त्यांनी झटकत असलेले जाळे खाली ठेवले. मग हळूच म्हणाले, “लंगडतोय का अजून?”

जगभरच्या स्वयंसेवकांनी फंक्शन तपासले, त्याच्या नावावरून महिनाभर भांडले आणि अखेर ते कोठारात घेतले.

पुढे अण्णांनी रोहितांच्या उथळ पाण्यात जाळे टाकणे सोडले. आता ते नाहीत. आत्या सत्तरीपर्यंत कोठारावर काम करत होती, तीही गेली. बारक्याचे सुटे भाग इतर यंत्रमानवांत गेले, त्याचा खवचटपणाही बहुधा गेला असावा. आमचा रोहित पुन्हा कोणाला दिसला नाही. मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. जिवाणूंमधला गोल डीएनए जुळवून पाहायला शास्त्रज्ञ आजही तेच फंक्शन वापरतात.

परवा कोठाराच्या चर्चेत गोंदियाच्या एका मुलीने विचारले, कोणी कडे उलट्या दिशेने वाचले तर? आमच्या कोणाच्या डोक्यातच आले नव्हते. मी तिला लिहिले, “तूच लिही ते. मी तपासून देते.”