पाणी प्यालेलं पेट्रोल

नवेगाव बांधाच्या तलावात ऐन मधोमध आमच्या बोटीचं इंजिन बंद पडलं, आणि बोटीत प्रवासी एकच होता. गळ्यात दुर्बीण, अंगात निळा स्वेटर... आणि गालातल्या गालात हसणं. मला रागच आला.

"हसून काऊन राहिले?" मी इंजिनाची दोरी ओढत विचारलं.

"तुमी इंजिनले शिव्या देऊन राहिल्या म्हणून. त्याची चूक नाही ना जी."

तो फुलचूरचा भूपेंद्र. आठवडाभर गाड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, रविवारी पक्षी पाहायचा. मला मात्र हसू येत नव्हतं. दिवाळीपासून इंजिन सारखं दगा देत होतं. बाबा म्हणाले होते, आता बंद पडलं तर विकून टाकू, आणि जमुना, तू नागपूरला आत्याकडे कामाला जा. बांध सोडून जायचं या विचारानंच मला रडू यायचं.

एकेक वल्हं घेऊन आम्ही काठाला लागलो. त्यानं टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन उन्हात धरलं. खाली वेगळाच थर दिसत होता.

"उन्हाळ्यातलं होय का?"

"हो. अर्धी टाकी उरली होती. बाबांनी पावसाळाभर जपून ठेवली, मंग तिच्यातच नवं ओतत गेलो."

बाबा तिथंच जाळं विणत होते. "पेट्रोल का दूध होय, नासाले?"

"आता त्यात इथेनॉल रायते, काका. म्हणजे दारूच. हवेतलं पाणी ओढून घेते, मंग दोघं मिळून तळाशी बसतात. पेट्रोलच्या नळीचं रबरही फुगवते."

दारू पाण्यात कशी मिसळते, हे बाबांना वेगळं सांगावं लागलं नाही.

त्यानं कार्बोरेटर साफ केला, ताजं पेट्रोल भरलं. पुढच्या रविवारी नवी नळी घेऊन आला. "बोट बरेच दिवस उभी ठेवाची असली, तर चालू इंजिनची नळी काढाची," तो म्हणाला. "आतलं पेट्रोल जाळून ते आपोआप थांबते."

इंजिन विकायचं बाबांनी पुन्हा नाव काढलं नाही. आमच्याकडे उपकार बोलून दाखवत नाहीत. मी दर रविवारी त्याच्या डब्यात झिंगे भरून द्यायचे. पण रोज सकाळी दोरी ओढताच इंजिन सुरू झालं, की मनातल्या मनात त्याचे आभार मानायचे.

थंडी सरली, बदकं परत गेली. त्या रविवारी बोटीत त्यानं दुर्बीण उचललीच नाही.

"पक्षी गेले. इंजिनही बंद पडत नाही..." तो पाण्याकडे बघत म्हणाला. "आता मी कायले येऊ?"

मी हळूच नळी काढली. इंजिन थोडा वेळ चाललं, खोकलं आणि थांबलं.

त्यानं नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ही तर तुमी काढली. काऊन?"

"बंद पडलं म्हणूनच तुमी थांबले होते ना..." मी नळी हातातच धरून म्हटलं. "तुमच्यामुळे माझा बांध वाचला. आता इथं तुमीही पायजे मले."

तो हसला. या वेळी मला राग आला नाही. त्यानं एक वल्हं उचललं, दुसरं माझ्या हातात दिलं.

"काका काठावर बसून आहेत. विचारू त्यायले?"

"विचारा. घाई कायची आहे?" मी म्हटलं.

आणि वल्हं मात्र त्याच्यापेक्षा मीच जोरानं मारत होते.