रिव्हर्स नसलेला माणूस

दुसऱ्या खिंडीतलं ते वळण इतकं आवळलेलं होतं, की गाडीला पुढून स्वतःचीच मागची नंबरप्लेट वाचता यायची. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा. तिथं भल्याभल्यांनी स्वतःलाच हॉर्न दिलाय. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. आणि दरी इतकी खोल, की त्या मंगळवारी मामींच्या हातून निसटलेली संत्र्याची साल अजून तळाला पोचायची आहे.

नेमक्या त्याच वळणावर, भर दुपारी, दोन गाड्या नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या.

चढणारी गाडी मास्तरणीची. ती लोकांना मोटार चालवायला शिकवायची आणि तिच्या दोनशे विद्यार्थ्यांपैकी एकानंही आजवर कोंबडीसुद्धा चिरडली नव्हती. गाडी शाळेचीच. दारावर शाळेचं नाव-पत्ता रंगवलेला, आणि शेजारच्या सीटपुढे शिकवणाऱ्यासाठी जास्तीचा ब्रेक. त्या सीटवर सध्या मामा होते. सोमवारपासून ते प्रत्येक वळणावर तो ब्रेक असा दाबत होते, जसा काही साप चिरडतायत.

त्याचं कारण पैज. मामांनी भाचीसाठी दगडखाणवाल्याचा मुलगा ठरवत आणला होता. त्या घरची एकच अट – लग्नानंतर शाळा बंद. मास्तरीण म्हणाली, नाही. मामा म्हणाले, "सपाट रस्त्यावर फुशारकी सोपी. घाट बाईमाणसाचं काम नव्हे." मग ठरलं. डोंगराला वळसा घालून गावातच परत येणारा गोल रस्ता, सात खिंडी, सात दिवस. सगळ्या तिनं एकटीनं पार केल्या तर शाळा राहील. एकदा जरी स्टीअरिंग मामांना द्यावं लागलं, तर मुकाट्यानं होकार. साक्षीदार म्हणून मागच्या सीटवर मामी, विणकाम घेऊन.

मास्तरणीनं काच खाली केली. "चढणाऱ्या गाडीला आधी वाट. मागे घ्या."

समोरच्या जुनाट निळ्या गाडीतून एक तरुण उतरला. एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा कपाळावर, तिसरा खिशात.

"घेतली असती हो… पण हिला रिव्हर्स नाही."

"नाही म्हणजे?"

"मला लागलेल्या पहिल्याच खिंडीत मोडला."

"मग परत का नाही गेलात?"

"मला मागे फिरता येत नाही ना," तो म्हणाला, आणि असा हसला, की तिला रागवायचं होतं ते राहूनच गेलं.

मामांनी बाह्या सरसावल्या. "सर बाजूला. दोन किलोमीटर मागे, दरीच्या कडेनं? दे इकडं स्टीअरिंग."

"मामा, पाय."

"काय?"

"पाय वर घ्या. सीटवर मांडी घाला. माझ्या गाडीत ब्रेक मी दाबते."

मामा मुकाट्यानं मांडी घालून बसले, आणि मास्तरणीनं दोन किलोमीटर गाडी मागे घेतली – सुईत दोरा ओवावा तशी. निळी गाडी समोरून, नाकासमोर नाक ठेवून, हळूहळू येत राहिली.

रस्ता रुंद झाला तिथं दोघं उतरले. पाचच मिनिटं, तेवढ्यात मामींनी खिडकीतून त्याला पैजेसकट सगळं घराणं सांगून टाकलं.

"माझं चष्म्याचं दुकान आहे," तो मास्तरणीला म्हणाला. "तुमच्या डोळ्यांना नंबर नाही."

"तपासलेत कधी?"

"आत्ता… दोन किलोमीटर."

"मी मागे बघत होते!"

"मधूनमधून पुढे. तीन वेळा."

"चार," ती म्हणाली, आणि जीभ चावली.

तो गाडीत बसला. "मी उलटा निघालोय, तुम्ही सुलट. म्हणजे शनिवारी, सहाव्या खिंडीत… पुन्हा नाक टेकेल."

"आणि नाही टेकलं तर?"

"सांगितलं ना – मागे फिरता येत नाही. येणारच."

तिसरी, चौथी, पाचवी खिंड झाली. चौथीत धुकं एवढं घट्ट होतं, की मामींनी त्यावर शाल वाळत घातली. मामांचा पाय पुन्हा ब्रेकवर गेला. पण मास्तरीण भांडली नाही. ती प्रत्येक वळणावर निळा रंग शोधत होती… आणि शोधतेय म्हणून स्वतःवरच चिडत होती.

शनिवारी सहाव्या खिंडीचा उतार लागला. खालून हॉर्न आला. निळी गाडी! पण टपावर दोरानं बांधलेली एक लांबलचक पाटी होती. तिच्या शाळेची.

ती दार उघडून धावली. "ही… कुठून आणलीत?"

"तुमच्या गावातून. पत्ता दारावर वाचला होता. म्हटलं, शाळा बघून जावं." त्याचं हसू मावळलं होतं. "एक जण शिडी लावून पाटी उतरवत होता. म्हणाला, मामांचा फोन आलाय, खाणवाल्याला शब्द दिलाय. मी थाप मारली, की मास्तरीणबाईंनी पाटी मागवलीय."

मामा दरीकडे बघू लागले. "म्हटलं… तयारी असलेली बरी."

मामींच्या सुया थांबल्या. "अहो, पैज तिची आणि हरायची तयारी तुमची? मला वाटत होतं, तुम्ही भीतीनं ब्रेक दाबताय!"

मास्तरणीचा आवाज चढला नाही. "मामा, पैज संपली. सातवी खिंड मी पार करणार, पण तुम्हाला दाखवायला नाही. जमली तरी शाळा माझी, नाही जमली तरी माझी. आणि लग्न कुणाशी, तेही मीच ठरवणार."

तिनं डोळे पुसले आणि गाडीत बसली. "चढणाऱ्याला आधी वाट. मी मागे घेते."

"थांबा!" चष्मेवाला ओरडला. "उताराला मागे जायला रिव्हर्स लागत नाही." त्यानं गाडी न्यूट्रलला टाकली, ब्रेक सोडला… निळी गाडी मागे घसरू लागली, झोकांड्या खात.

"डावीकडे! ब्रेक… हळू! अहो, मागे बघा!"

"बघवत नाही!"

"दरी आहे तिकडे! मागे बघ म्हणते ना!"

तो 'बघ' ऐकून त्यानं लगेच मागे पाहिलं. कान मात्र लाल झालेले तिला दिसले.

पायथ्याशी मैदान होतं. तिथं त्यानं एक ऐसपैस गोल घेतला आणि गाडीचं तोंड तिच्या गावाकडे केलं.

"अशी वळते की!" तिनं कमरेवर हात ठेवले. "मग तेव्हा का नाही वळलास?"

"तेव्हा मागे… वळावंसं काही नव्हतं." त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आता मात्र खरंच फिरता येणार नाही."

"माझ्या शाळेत पहिला धडा रिव्हर्सचा असतो."

"तो सोडून सगळे शिकव."

ती हसली. सहा दिवसांत पहिल्यांदा, पोटभर. "उद्या माझ्या मागून ये. अंतर ठेवून."

"किती?"

"…फार नको."

रविवारी सकाळी सातव्या खिंडीच्या तोंडाशी तिनं गाडी सुरू केली. मामा येऊन शेजारी बसले. समोरच्या ब्रेककडे त्यांनी जरा वेळ पाहिलं. मग चपला काढल्या आणि कुणी न सांगता सीटवर मांडी घातली.

"चल," ते म्हणाले.

तिनं आरसा नीट केला. त्यात टपावर पाटी घेतलेली निळी गाडी होती… सांगितल्यापेक्षा बरीच जवळ.