एक हात खिशात

सबस्टेशनमधला जुना रेकॉर्डर काढायला ती भर दुपारी एकटीच गेली होती. लाइनवर बिघाड झाला की त्याची नोंद करून मुख्य कचेरीला कळवायचं, एवढंच त्या पेटीचं काम. पेटी तिच्या सासऱ्यांनी बसवलेली, आणि पोटच्या पोरासारखी जपलेली. सुनेला हे काम शिकवलं तेही त्यांनीच. "एक हात खिशात ठेव गं," हे त्यांचं पालुपद. दोन्ही हात लावले की करंट छातीतून जातो. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांचा खाकी कोट तिला चांगलाच ढगळ होता, तरी कामावर ती तोच घालायची.

खोलीत तापलेल्या धुळीचा वास होता. पंखा कुरकुरत होता. तिने नेटवर्कची केबल उपसून टेबलावर टाकली. मग पेटीच्या तारेला बॅटरीवर वाजणारा टेस्टर लावला. तो गप्प. म्हणजे पुरवठा बंद. पण स्क्रू हटून बसला होता. एका हाताने जमेना, म्हणून तिने दुसरा हात खिशातून काढला.

तेवढ्यात फोन वाजला. कचेरीतला सहकारी होता, पण आवाज अगदी दबका.

"वहिनी... कशाला हात लावलात का?"

"लावणारच होते. का हो?"

"तुमच्या रेकॉर्डरनं फॉल्टची नोंद पाठवलीय. आत्ता."

"काहीतरीच काय. केबल इथे टेबलावर पडलीय."

"वहिनी, नोंदीवरची वेळ... अजून व्हायचीय."

तिने टेस्टर उचलला आणि पंख्याच्या सॉकेटला लावून पाहिला. पंखा फिरत होता. टेस्टर तिथेही गप्पच. त्याची बॅटरीच संपली होती. मामंजी आधी चालू सॉकेटवर टेस्टर पारखून घ्यायचे, मगच पुढे जायचे. आज नेमकं तेवढंच ती विसरली होती.

घरी लेक वाट पाहत होती. आज ती पोरकी झाली असती.

"मामंजी," ती पुटपुटली, "तुमचे उपकार कसे फेडू?" डोळे भरून आले. तिने हात खिशात घातला.

खिशात आधीच एक हात होता. खरखरीत, थंडगार. त्याने तिची बोटं घट्ट धरली.

तिने हात काढून घेतला नाही. फाटकाबाहेर पडेपर्यंत त्यानेही सोडला नाही.