तोतया फॉन्ट

औषध पाजल्यावर बाळ गेलं आणि लेबल करणारा डिझायनर कोठडीत गेला. त्याची बायको ताईसमोर बसली होती. रडून रडून तिचा आवाजच बसला होता.

"मात्रा अडीच मिली. छापलं पंचवीस! पण मधलं टिंब यांनी दिलं होतं हो. यांच्या कॉम्प्युटरवर आजही दिसतंय."

"मग फाइल नंतर कुणीतरी बदलली," भाऊ ठामपणे म्हणाला. ताईच्या तपासात आपलंही डोकं चालतं, असा त्याचा गोड गैरसमज होता.

"फाइल जशीच्या तशी आहे, हे पोलिसांनीच सांगितलंय, शहाण्या. चल."

छापखान्यात शाईचा वास नाकात बसला. तिथल्या डिझायनरच्या कॉम्प्युटरवर लेबलातला इंग्रजी चारचा आकडा वरून उघडा होता. औषधाच्या बाटलीवर छापलेला मात्र बंद, त्रिकोणी. ताईने दोन्ही आकडे भावाला दाखवले. तो नुसताच "हं" म्हणाला.

मग तिने तीच फाइल मशीनजवळच्या कॉम्प्युटरवर उघडली. पडद्यावर इशारा झळकला: फॉन्ट सापडत नाही.

"आला का परत?" मशीनवाला वैतागला. "पूर्वी रोज छळायचा. मध्ये बंद झाला होता. बाळाची बातमी आली आणि पुन्हा सुरू!"

"फॉन्ट कोण टाकतं इथे?"

"कुणीही टाकावा. कुलूप थोडंच आहे?"

मालक केबिनमध्ये घाम पुसत होते. "मला विचारू नका बाई. मला तो कॉम्प्युटरचा डबा सुरूसुद्धा करता येत नाही."

"एक भाबडी शंका," ताई म्हणाली. "एखाद्या फॉन्टच्या फाइलला दुसऱ्याचं नाव दिलं, की इशारा थांबतो ना?"

"छे! बाहेरून नाव बदलून काय होतंय? फाइलच्या आत नोंदलेलं फॉन्टच्या कुटुंबाचं नाव बदलावं लागतं."

ताई हसली नाही. तिने डिझायनरच्या बायकोला आणि मशीनवाल्याला आत बोलावलं.

"इशारा बंद झाला, म्हणजे त्याच नावाचा फॉन्ट तिथे आला. पण बाटलीवरचा चार वेगळा, म्हणजे तो फॉन्ट तोतया. फुकटातला, अर्धवट, त्यात टिंबाची जागा रिकामी. सॉफ्टवेअर नाव बघतं, चेहरा नाही. बाळ गेल्यावर तोतया पुसला, म्हणून इशारा परतला. कुणी पुसला? ज्याला म्हणे डबा सुरू करता येत नाही, पण नाव कुठे बदलायचं हे नेमकं ठाऊक आहे, त्याने."

भावाच्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडला. त्याला वाटलं, पडला नसता तर बरं होतं.

मालकांनी मान खाली घातली. "सारखं काम अडायचं. मला फक्त ती कटकट थांबवायची होती."

"ती चूक होती," ताई म्हणाली. "पण पुसलंत ते दुसऱ्याला फासावर चढवायला."

ती पोलिसांना फोन लावू लागली. भाऊ डिझायनरच्या बायकोला म्हणाला, "वहिनी, चला, त्यांना आणायला जाऊ."

ती हलली नाही.

"आधी त्या बाळाच्या आईकडे जाते," ती म्हणाली. "तिचे शाप चुकीच्या घरावर पडतायत."